सांध्यापर्यंतची गाडी

२३ मे २००७, बुधवार. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीवरून असा अंदाज बांधला, की या दिवशी जगातल्या शहरी माणसांची संख्या ग्रामीण माणसांच्या संख्येहून प्रथमच अधिक झाली. अंदाज तो अंदाजच. कोणी माणूस सकाळी उठून शहरी झाल्याची वर्दी देत नाही. पण तारीख ठरली ती ठरली, आणि योगायोगाने त्याच बुधवारी नदीच्या अलीकडच्या पालिकेत एक माणूस रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणून रुजू झाला. तोपर्यंत तो दुधाची गाडी चालवत असे. पहिल्याच दिवशी त्याने पायावर दगड पडलेल्या एका गवंड्याला गाडीत घातले, पुलाच्या मधोमध नेले आणि तिथे दुसऱ्या गाडीच्या हवाली करून परत आणले. परत आणले ते गाडीला. गवंडी पुढे गेला.

वस्तीत ही बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी दारात पाय ठेवतो तोच थोरल्या बहिणीने विचारले, "काय रे, निम्म्यावर टाकून आलास म्हणे त्याला?" आणि त्या दिवसापासून त्याचे नाव निम्मेराव पडले. बायकोला ते फार आवडले. घरातला नळ अर्धा दुरुस्त झाला, भिंतीला अर्धाच रंग लागला, की ती म्हणे, नावाला जागणारा नवरा मिळायला भाग्य लागते.

निम्म्यावर टाकण्याचे कारण मात्र निम्मेरावांच्या स्वभावात नव्हते. ते पुलाच्या पोटात होते. नदीच्या पलीकडे जुने शहर, त्याची स्वतःची पालिका, तिचे मोठे रुग्णालय. अलीकडे दुसरी पालिका, तिचा एक दवाखाना, त्यात एक डॉक्टर आणि पुष्कळ खुर्च्या. वरच्या अंगाला कारखान्यांचा पट्टा, त्याचे वेगळे मंडळ. त्यापलीकडे विखुरलेल्या वस्त्या, त्यांच्या पंचायती. नकाशावर हे चार रंग होते. जमिनीवर मात्र एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढणे कोणाच्या बापाला जमले नसते. सकाळी अलीकडची माणसे पलीकडे कामाला जात, पलीकडचा कचरा अलीकडे येई, कारखान्यांचा धूर वारा नेईल तिकडे जाई आणि त्याला हद्द विचारायची कोणाची छाती नव्हती. हद्द विचारली जाई ती फक्त माणसांना.

हद्द म्हणजे पुलाच्या मध्यावरचा लोखंडी सांधा. गाडीचे चाक त्यावरून गेले की धडधड असा आवाज होई. सांध्याच्या अलीकडचे डांबर करडे, पलीकडचे काळे. अलीकडचे दिवे पिवळे, पलीकडचे पांढरे. दोन्हीकडचे झाडूवाले झाडत झाडत सांध्यापाशी येत आणि आपापली धूळ मोठ्या सभ्यपणे एकमेकांच्या हद्दीत लोटून देत. सांध्याला लागूनच एक खड्डा होता. तो कोणाचाच नसल्यामुळे निश्चिंतपणे वाढत होता. एकदा एक कुत्रे नेमके सांध्यावर मेले, तेव्हा दोन्ही पालिकांनी आपापल्या बाजूचा भाग उचलायची तयारी दाखवली, असे जे सांगतात त्याला पुरावा नाही. पण ही गोष्ट ऐकून आजवर कोणाला आश्चर्य वाटलेले नाही, हेच पुरेसे आहे.

अलीकडची रुग्णवाहिका सांध्यापर्यंत येई. पलीकडची गाडी तिकडून सांध्यापर्यंत येई. दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या राहत, मागची दारे उघडत, आणि आजारी माणूस स्ट्रेचरवरून या पोटातून त्या पोटात सरकवला जाई. पाऊस असो, ऊन असो, बाळंतीण असो, की छातीत कळ आलेला म्हातारा. पलीकडच्या ड्रायव्हरला निम्मेराव जावई म्हणत, कारण तो कधी वेळेवर येत नसे आणि आला की त्याचे स्वागत करावे लागे. तो हसून म्हणे, सासरी मान मिळतो म्हणून तर येतो. दोघांची मैत्री सांध्यावरच जमली आणि सांध्यावरच राहिली. त्यांनी एकमेकांची घरे कधी पाहिली नव्हती.

या व्यवस्थेला निम्मेराव प्रथम निमूटपणे शरण गेले, हे खरे नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रंगाच्या गोदामात भाजलेला एक कामगार त्यांच्या गाडीत होता. जावयाचा पत्ता नव्हता. निम्मेरावांनी सांधा ओलांडला आणि गाडी थेट रुग्णालयाच्या फाटकावर नेली. फाटकवाल्याने गाडीवरचे नाव वाचले आणि आडवा दांडा काही वर केला नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितले, की पेशंट आमच्या गाडीतून आला तर आत घेता येतो, तुमच्या गाडीतून आला तर तुमच्या पालिकेच्या मोठ्या साहेबांची परवानगी लागते. निम्मेरावांनी हात जोडले, आवाज चढवला, शेवटी शिवी दिली. दांडा आडवाच राहिला. अखेर भाजलेल्या माणसाला घेऊन ते पुन्हा सांध्यावर आले. जावई तोवर पोहोचला होता. माणूस या गाडीतून त्या गाडीत गेला आणि त्याच रस्त्याने, त्याच फाटकातून, त्याच दांड्याखालून आत शिरला. तो वाचला, पण कण्हताना त्याने जे विचारले ते निम्मेराव विसरू शकले नाहीत. "आपण फिरायला निघालोय का?" त्याने विचारले होते.

हद्द ओलांडल्याबद्दल निम्मेरावांना महिनाभर घरी बसवले गेले. त्या महिन्यात त्यांनी हिशेब शिकून घेतला: सांध्यावर थांबण्यापेक्षा सांधा ओलांडण्यात जास्त वेळ जातो. यापुढे त्यांनी कधी सांधा ओलांडला नाही. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. ज्याने तो दांडा पाहिलेला नाही, त्याने खुशाल म्हणावे.

त्यांची थोरली बहीण, सगळ्या वस्तीची अक्का, इस्त्रीचे काम करी. आईवडील खडीच्या खाणीत राबून लवकर गेले. धाकट्याला वाढवले ते तिने. शहराच्या निम्म्या भिंती त्या खाणीच्या दगडाच्या आहेत, पण खाण संपली तेव्हा खाणवाले गेले आणि खाणीतली माणसे तिथेच राहिली. मग खाणीच्या काठाने गोदामे आली, गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आल्या, आणि नंतर खोल्यांच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या उंच इमारती आल्या. अक्काचे टेबल प्रत्येक वेळी थोडे पुढे सरकले. आधी ते खोल्यांच्या बोळात होते, मग गोदामाच्या भिंतीला, शेवटी एका इमारतीच्या जिन्याखाली. पहारेकऱ्यांचे जाड गणवेश जाऊन कचेरीत बसणाऱ्यांचे पातळ शर्ट आले. अक्काचा उजवा हात त्या टेबलावर असा चाले, की कपडाच हाताखालून पळतोय असे वाटावे. तिला त्या हाताचा गर्व होता आणि तो ती लपवत नसे. "माझा डावा हात नुसता शोभेला आहे," ती म्हणे, "खरकटं काढायला आणि याच्या कानाखाली ठेवून द्यायला." याच्या म्हणजे निम्मेरावांच्या.

आणि गंमतीत, पण वारंवार, ती आणखी एक गोष्ट सांगे. माझ्यावर वेळ आली तर मला निम्म्यावर टाकायचे नाही, पुरी पोहोचवायची. निम्मेराव म्हणत, तुला न्यायला माझी गाडी पुरायची नाही, क्रेन मागवू.

अकरा वर्षे अशी गेली. मग एके दिवशी सगळे एक झाले.

म्हणजे वर कुठेतरी ठरले, की शहर, अलीकडची पालिका, कारखान्यांचा पट्टा आणि वस्त्या यांचे मिळून एक महानगर करायचे. एवढी लोकसंख्या एकत्र दाखवली की महानगराच्या रांगेत बसता येते, आणि त्या रांगेत बसले की मान मिळतो, असे भाषणांत सांगितले जात होते. माणसे तीच, घरे तीच, खड्डा तोच. बेरीज मात्र नवी. अलीकडच्यांना यात आनंद वाटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. निम्मेरावांच्या बायकोने तर शेजारणीला सांगून टाकले, की आता आमच्या ह्यांचे नाव बदलावे लागणार, पूर्णराव म्हणा. पण नेमके काय, कधीपासून, कसे बदलणार, हे अलीकडच्या दवाखान्यात कोणी येऊन सांगितले नाही. ठरलेल्या सकाळी पलीकडच्या मैदानावर समारंभ होता. मांडव घातला होता, बँड होता, आणि महानगराच्या सेवा लोकांना दिसाव्यात म्हणून पलीकडच्या रुग्णवाहिका धुऊनपुसून, रिबिनी बांधून मैदानात रांगेने उभ्या केल्या होत्या. आजाऱ्यांनी त्या सकाळी जरा दम धरावा, अशी अपेक्षा असावी.

अक्काने दम धरला नाही. ती जिन्याखाली कोणाचा तरी पांढरा शर्ट करत होती. निम्मेरावांची बायको चहा घेऊन गेली, तेव्हा इस्त्री शर्टावर पालथी पडली होती, धूर निघत होता, आणि अक्का टेबलाला टेकून आपल्या उजव्या हाताकडे असे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा तिथे विसरून राहिला आहे. तोंड एका बाजूला ओढले होते. बायकोने आधी इस्त्रीची पिन काढली आणि मग नवऱ्याला फोन केला. "वन्संना झटका आलाय," एवढेच ती बोलली.

निम्मेरावांची गाडी दवाखान्याच्या दारातच होती. त्यांनी बहिणीला उचलले, बायकोला मागे बसवले आणि गाडी पळवली. अर्धांगाच्या झटक्यात लवकर पोहोचण्याला किती मोल असते, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकले होते की त्यांना ते डॉक्टरने सांगायला नको होते. पुलावर आले, सांध्यापाशी गाडी वळवली, पाठ पलीकडे केली आणि थांबले.

पलीकडून कोणी येत नव्हते.

त्यांनी जावयाला फोन लावला. वाजत राहिला. जावई त्या वेळी मैदानावर बँडच्या पुढ्यात उभा होता, आणि बँडच्या पुढ्यात खिशातला फोन कोणाला ऐकू जातो? मग त्यांनी रुग्णवाहिकेच्या नेहमीच्या नंबरवर फोन केला; तो आता नियंत्रण कक्षात वाजला. तो कक्षही त्याच सकाळी सुरू झालेला, सगळ्या महानगराचा एकच. फोनवर एक तरुण मुलगी होती. निम्मेरावांनी पेशंटची हालत सांगितली, पुलाचे नाव सांगितले आणि विचारले, की गाडी निघाली का. मुलीने समोरच्या पडद्यावर पाहिले. पडद्यावर त्या भागात एकच गाडी दिसत होती, आणि ती पुलावर होती.

"हो, निघालीय," ती म्हणाली. "पुलावर पोहोचलीय, दिसतेय मला."

ती निम्मेरावांचीच गाडी होती. तिला दोन गाड्यांची प्रथा माहीत नव्हती. तिच्या दृष्टीने महानगर एक होते, पूल एक होता आणि गाडीही एकच लागत होती. तिने खोटे काहीच सांगितले नाही. निम्मेरावांनी आरशात पलीकडचा रस्ता पाहिला. पांढरे दिवे, काळे डांबर, एक सायकलवाला. पुलावर पोहोचलीय म्हणते, म्हणजे वळणाआड असेल. ते उतरून सांध्यावर उभे राहिले आणि वळणाकडे पाहत राहिले. वाट पाहणे त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते, की आपल्याच गाडीची आपण वाट पाहत आहोत, हे त्यांच्या मनाला शिवले नाही. त्यांनी पुन्हा फोन केला. दुसऱ्या वेळीही तेच उत्तर आले. मुलगी जरा वैतागली होती, कारण गाडी जागची हलत का नाही हे तिलाही कळत नव्हते.

मागचे दार आतून उघडले. बायकोने बाहेर डोके काढले.

"कोणाची वाट बघताय?"

"येतेय गाडी. पुलावर आहे म्हणतात."

"पुलावर आपण आहोत," बायको म्हणाली. "अहो, पुलावर आपणच आहोत."

 तिच्या मागे अक्का होती. तिला बोलता येत नव्हते, पण तिने डावा हात उचलला, तोच शोभेचा, आणि बाहेर बोट केले. रुग्णालयाकडे. त्या बोटात याचनेपेक्षा राग जास्त होता.

निम्मेराव गाडीत बसले, गाडी वळवली आणि सांधा ओलांडला. वाटेत त्यांच्या डोळ्यांपुढे तो दांडा होता. काय बोलायचे, कोणाचे पाय धरायचे, प्रसंगी गाडी दांड्यावर घालायची, हे सगळे त्यांनी ठरवून टाकले होते. फाटक आले. फाटकवाला खुर्चीत बसून चहा पीत होता. गाडी पाहून त्याने एका हाताने दांडा वर केला. गाडीवरचे नाव त्याने वाचले नाही. मानही नीट वर केली नाही. सकाळपासून आता सगळ्याच गाड्यांना असेच होते.

पुढे या प्रसंगाबद्दल निम्मेराव पहिल्यांदा बोलले, ते त्या दांड्याबद्दलच. त्याने अडवले असते तर बरे झाले असते, ते म्हणाले. निदान थांबलो ते कशासाठी, हे तरी कळले असते.

अक्का वाचली. जीभ हळूहळू, अडखळत परत आली. उजवा पायही जमिनीला घासत का होईना चालू लागला. उजवा हात आला नाही. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी, थोडे आधी आणले असते तर, एवढे म्हटले आणि समोरच्या माणसाचा चेहरा पाहून वाक्य तिथेच सोडले.

त्यानंतर चौकशी झाली. पेशंटला जाणूनबुजून पुलावर ताटकळत ठेवणारा ड्रायव्हर, अशी एक ओळ वर्तमानपत्रात छापून आली होती, तेव्हा चौकशी करणे भागच होते. जुन्या शहर पालिकेचे लोक म्हणाले, अलीकडच्यांना कळवायचे काम अलीकडच्या पालिकेचे. अलीकडच्या पालिकेचे लोक म्हणाले, त्या सकाळी आमची पालिकाच उरली नव्हती, तर कळवणार कोण? कक्षाची मुलगी रडत होती. तिला नोकरीला लागून आठवडा झाला होता, तिच्याकडून काही वदवून घेण्यात शौर्य नव्हते. शेवटी उरले निम्मेराव. अधिकारी मऊ आवाजात बोलणारे होते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले, की हद्द संपलेली होती, वाट मोकळी होती, थांबण्याचे काही कारण नव्हते. जुनी सवय असते, चुकून होते, मान्य करून टाका म्हणजे नुसत्या ताकिदीवर भागेल.

निम्मेराव इतका वेळ उभे होते. ते म्हणाले, "सवय माझी नाही, साहेब. तुमची आहे. मला एकदा महिनाभर घरी बसवून ती लावलीत. सोडायची होती तर तेवढंच सांगायचं होतं. मला ज्यानं सांगितलं, त्याचं तोंड दाखवा."

तोंड कोणाचेच दाखवण्यात आले नाही. ताकीद मिळाली. तीत त्यांच्या थांबण्याला 'अनावश्यक' असे विशेषण लावले आहे. अकरा वर्षे ज्या थांबण्याला नियम म्हणत, ज्याच्या भंगाला शिक्षा होती, ते एका सकाळी अनावश्यक झाले. आणि ते अनावश्यक होते तर मग अकरा वर्षे त्या सांध्यावर ज्या बाळंतिणी, जे म्हातारे, जी पोरे या गाडीतून त्या गाडीत सरकवली गेली, त्यांचे थांबणे काय होते, हा प्रश्न त्या चौकशीच्या कक्षेत बसत नव्हता. कोणी तो बसवूही पाहिला नाही.

जावई एकदा अक्काला पाहायला आला. घर पहिल्यांदाच पाहत होता. दारातच उभा राहून खाली मान घालून म्हणाला, "मला आठवडाभर आधी सांगितलं होतं, आता पुलावर जायचं नाही म्हणून. मला वाटलं, तुलाही सांगितलं असेल."   मग अक्काच, वाकड्या तोंडाने, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बस. जावयाला... उभं... ठेवत नाहीत." जावई बसला आणि लहान पोरासारखा रडला. चहा बायकोने केला. निम्मेरावांनी कप त्याच्या हातात दिला, पण त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांची मैत्री परत जुळली की नाही, हे दोघांपैकी कोणी सांगत नाही.

जिन्याखालचे टेबल आता निम्मेरावांची बायको चालवते. अक्का खुर्चीवर बसून डाव्या हाताने कपडे वेगळे करते आणि तिच्या घड्यांना नावे ठेवते. वस्तीत निम्मेराव हे नाव त्या सकाळनंतर कोणी उच्चारले नाही. लोक संकोचाने दादा म्हणू लागले, आणि तो संकोच त्यांना चिडवण्यापेक्षा जास्त लागला. अक्काने मात्र नाव सोडले नाही. जीभ वळत नसताना तिने पुन्हा जमवलेल्या पहिल्या शब्दांपैकी तो एक. उशीर झाला की ती भरल्या जिन्यात हाक मारते, आणि ते हसून ओ देतात.

पुलावर नवे डांबर पडले आहे. सांधा त्याखाली गेला, तरी चाक तिथे आले की धडधड होतेच, आणि गाडीत कोणी असो नसो, निम्मेरावांचा पाय तिथे ब्रेककडे जातो. खड्डा तेवढा डांबर टाकताना वगळला; तो कोणाचा, हे आता तरी स्पष्ट आहे.

पण बाकी पुष्कळ स्पष्ट नाही. त्या सकाळी गाडी सांध्यावर किती वेळ उभी होती, याबद्दल निम्मेराव, त्यांची बायको आणि नियंत्रण कक्ष तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. कक्षाच्या पहिल्या दिवसाचे काहीही जपून ठेवलेले नाही. अलीकडच्या ड्रायव्हरांना सांगायचे काम नेमके कोणाचे होते, हे ठरलेले नाही. सांध्यावर थांबले नसते तर अक्काचा हात वाचला असता का, हे डॉक्टरीणबाईंना ठामपणे सांगता आलेले नाही आणि आता कोणालाच सांगता येणार नाही. आणि २३ मे २००७ रोजी, जग शहरी झाले म्हणतात त्या बुधवारी, पुलावरचा गवंडी, त्याला तिथवर नेणारा ड्रायव्हर आणि त्याची इस्त्री करणारी बहीण यांना मोजणाऱ्यांनी कोणत्या बाजूला धरले होते, हे माहीत नाही.